स्थानिक भूल : औषध, मात्रा आणि निवड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘स्थानिक भूल’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मॅडम, मधुमेह किंवा हृदयविकार घेतला असता तर सभागृह भरले असते.” सभागृह आज भरलेले दिसते आहे. त्याचे श्रेय चिटणीसांच्या आग्रहाला, आणि थोडेफार नंतरच्या अल्पोपाहारालाही द्यायला हवे.

तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला. दाढ काढणे, बोटाला टाके, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, सिझेरियन यांपैकी एकही प्रसंग ज्या घरात आला नाही असे घर मला दाखवा. शस्त्रक्रिया ठरली की आपण सर्जन कोण, खर्च किती, डिस्चार्ज केव्हा, हे सारे विचारतो. भूल कोण देणार, कोणत्या औषधाची देणार आणि त्यासाठी आपल्याकडून काय कळायला हवे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. औषधे मोजकीच आहेत. पण त्यांतले कोणते, किती आणि शरीरात कोठे द्यायचे, हा निर्णय प्रत्येक रुग्णागणिक निराळा असतो, आणि त्यातली अर्धी माहिती रुग्णाच्याच खिशात असते. आज मला एवढेच पटवून द्यायचे आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठीत ‘भूल’ म्हणजे विसर, मोह आणि चूकही. संपूर्ण भुलीत माणूस स्वतःलाच विसरतो, म्हणून तेथे हा शब्द शोभतो. स्थानिक भुलीत माणूस टक्क जागा असतो, सर्जनशी गप्पाही मारतो. फक्त शरीराचा एक भाग बोलायचा थांबतो. शास्त्रीय परिभाषेतला ‘बधिरीकरण’ हा शब्द अधिक नेमका आहे, पण तो ऐकला की काहींना वाटते कानाचे ऑपरेशन आहे. तेव्हा आपण भूलच म्हणू.

आता हे औषध काम कसे करते ते पाहू. स्लॅब टाकताना कामगारांची रांग आपण पाहिली असेल. काँक्रीटने भरलेले घमेले हातोहात पुढे जाते. माणसे जागच्या जागी असतात, घमेले मात्र वर पोहोचते. मज्जातंतूतून वेदनेचा निरोप असाच जातो. तंतूच्या बाहेरच्या द्रवात सोडियम भरपूर, आत कमी. तंतूच्या आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दरवाजे असतात. टोकाशी इजा झाली की तेथले दरवाजे उघडतात, सोडियम आत शिरतो, त्याने विद्युतभार बदलतो आणि त्या बदलाने शेजारचे दरवाजे उघडतात. असे करत निरोप पाठीच्या मज्जारज्जूपर्यंत आणि तेथून मेंदूपर्यंत जातो. हॉजकिन आणि हक्सले या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली माकूळ या समुद्री जीवाच्या जाड मज्जातंतूवर हे गणित मांडले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भुलीचे औषध या सोडियमच्या दरवाजात आतल्या बाजूने जाऊन बसते. रांगेतल्या काही माणसांनी हात खाली सोडले, की घमेले तेथेच अडते. गंमत अशी की, एकाने किंवा दोघांनी हात सोडले तर पलीकडचा माणूस वाकून घमेले घेऊ शकतो. आवरण असलेल्या मज्जातंतूतही तसेच घडते. तेथे निरोप एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर उडी मारत जातो, आणि तो थांबवायचा तर सलग सुमारे तीन गाठी बंद पडाव्या लागतात. म्हणून औषध योग्य जागी आणि पुरेशा लांबीवर पसरावे लागते, आणि त्याला वेळही लागतो. सुई टोचल्याबरोबर सर्जनला “सुरू करा” म्हणता येत नाही ते यामुळे.

येथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण पुढची सारी निवड तिच्यावर उभी आहे. बाटलीतले औषध आम्लात विरघळवलेले असते आणि त्याचे कण विद्युतभारित असतात. भारित कणाला तंतूचे तेलकट आवरण ओलांडता येत नाही. शरीरात शिरल्यावर तेथल्या सौम्य अल्कलीमुळे काही कण भाररहित होतात, ते आवरणातून आत जातात, आत गेल्यावर पुन्हा भारित होतात आणि मग दरवाजा अडवतात. लिग्नोकेनचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या झायलोकेनचे, साधारण चौथा हिस्सा कण असे भाररहित होतात, म्हणून ते काही मिनिटांत लागू पडते. बुपिव्हाकेनचे प्रमाण सातव्या हिश्शाच्या आसपास असल्याने ते सावकाश येते. पण एकदा आले की प्रथिनांना घट्ट चिकटून राहते आणि पुष्कळ वेळ टिकते.

दाढ सुजून पू झालेला असताना भूल का लागत नाही, याचे उत्तरही येथेच आहे. पू झालेला भाग आम्लधर्मी असतो. तेथे भाररहित कण कमी तयार होतात, शिवाय सुजेमुळे वाढलेला रक्तप्रवाह औषध वाहून नेतो. रुग्ण म्हणतो, “डॉक्टरांचा हात चांगला नाही” किंवा “इंजेक्शन नकली होते.” जाणता दंतवैद्य अशा वेळी सुजेपासून दूर, मूळ मज्जातंतूपाशी सुई देतो किंवा आधी सूज उतरवतो. तो “चार दिवसांनी या” म्हणाला तर त्यामागे हे कारण असू शकते.

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. वेदना आणि उष्णता यांचे तंतू बारीक, स्नायू हलवणारे तंतू जाड. औषधापुढे बारीक तंतू सहसा आधी हार मानतात. त्यामुळे सर्जनचा हात लागल्याचे, ओढल्याचे, दाबल्याचे कळते, पण दुखत नाही. हे आधी सांगितलेले नसले तर रुग्ण टेबलावर घाबरतो. त्याला वाटते भूल उतरली. “हात लागलेला कळेल, दुखणार नाही, दुखले तर लगेच सांगा,” हे वाक्य मी प्रत्येक रुग्णाला म्हणते. त्या एका वाक्याने पुष्कळ काम होते.

या औषधांचा इतिहास डोळ्यांपासून सुरू होतो, आणि नेत्रशिबिरे भरवणाऱ्या संस्थांना तो जवळचा वाटावा. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले लोक कोका या झाडाची पाने पूर्वापार चघळत आले. त्यातला अर्क, कोकेन, १८६० साली जर्मनीत अल्बर्ट नीमान याने शुद्ध स्वरूपात वेगळा केला. जिभेवर ठेवले की जीभ बधिर होते हे त्यालाही जाणवले होते. पण त्या जाणिवेचा उपयोग करायला आणखी चोवीस वर्षे जावी लागली. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरने प्राण्यांच्या डोळ्यांवर आणि मग स्वतःच्या डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून पाहिले. टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला, तरी काही कळले नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. तो वाचून दाखवला कोलरच्या परिचिताने, कारण प्रवासाचे पैसे कोलरपाशी नव्हते. त्याआधी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जागेपणी, हातपाय धरून.

कोकेनचे व्यसन लागते हे लवकरच कळले. विल्यम हॉल्स्टेड हे अमेरिकेतील थोर सर्जन या औषधाचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याच्या आहारी गेले. पर्याय म्हणून आइनहॉर्न यांनी प्रोकेन बनवले. १९०५ पासून ते वापरात आले. नंतर स्टॉकहोममध्ये एर्टमान यांनी दुसऱ्याच कामासाठी तयार केलेले एक रसायन चाखून पाहिले आणि त्यांची जीभ बधिर झाली. त्याच धाग्यावरून नील्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केले. अमेरिकेत त्याला लिडोकेन म्हणतात, औषध तेच. आज ऐंशीहून अधिक वर्षांनीही ते आमच्या ट्रॉलीवर सर्वांत पुढे असते.

आता निवडीकडे येते. बोटाला चार टाके घालायचे आहेत. पंधरा मिनिटांचे काम. तेथे लिग्नोकेन पुरे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रीपर्यंत दुखू नये असे वाटते. तेथे बुपिव्हाकेन किंवा त्याचे धाकटे भावंड रोपिव्हाकेन. दंतवैद्य लिग्नोकेनमध्ये अॅड्रेनॅलिन मिसळलेले वापरतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव कमी होतो, औषध जागेवर टिकते. पण थोडे अॅड्रेनॅलिन रक्तात गेले की छाती धडधडते, हात थरथरतात. घरी येऊन आपण जाहीर करतो, “मला त्या इंजेक्शनची अॅलर्जी आहे!” आणि हे वाक्य पुढे तीस वर्षे प्रत्येक केसपेपरवर चढते. लिग्नोकेनच्या गटातील औषधांची खरी अॅलर्जी अत्यंत विरळ आहे. प्रोकेनच्या जुन्या गटात ती जास्त आढळते. म्हणून “अॅलर्जी आहे” एवढेच न सांगता नेमके काय झाले ते सांगा. अंगावर गांधी उठल्या? श्वास लागला? की धडधडले आणि घेरी आली? या उत्तरावर आमचा निर्णय फिरतो.

मात्रेवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण धोका येथेच आहे. लिग्नोकेन २ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. अॅड्रेनॅलिनशिवाय साधारण साडेचार मिलिग्रॅम दर किलो वजनामागे, ही प्रचलित कमाल मर्यादा. काही ठिकाणी ती तीनच मानतात. ५० किलोच्या व्यक्तीला साडेचारच्या हिशेबाने २२५ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ११ मिलिलिटर. पुष्कळ ठिकाणी मिळणारी बाटली ३० मिलिलिटरची असते, म्हणजे तिच्यात ६०० मिलिग्रॅम औषध असते! १५ किलोच्या लेकराला तर साडेतीन मिलिलिटरही जास्तच. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे सुमारे दोन मिलिग्रॅम. म्हणून वजन विचारले की “असेल पन्नास-साठ” असे म्हणू नका. काट्यावर उभे राहा. वृद्ध, कृश आणि यकृताचा विकार असलेल्यांसाठी मात्रा आणखी उतरवावी लागते, कारण लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन यकृतातच मोडतात.

मात्रा ओलांडली किंवा औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेले, की ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूची चव येते, कानात गुणगुण सुरू होते, बोलणे अडखळते. पुढे झटके येऊ शकतात. बुपिव्हाकेन तर हृदयाच्या सोडियम-दरवाजांनाही घट्ट धरून बसते. १९७९ साली अमेरिकेतील डॉ. अल्ब्राइट यांनी याविषयी जाहीर इशारा दिला. हृदय असे थांबले तर ते पुन्हा सुरू करणे फार अवघड जाई. १९९८ मध्ये डॉ. गाय वाइनबर्ग यांनी दाखवले की शिरेतून दिलेले स्निग्ध द्रावण, म्हणजे तेलाचे दुधासारखे पांढरे इमल्शन, हे औषध हृदयावरून सोडवून आणते. २००६ मध्ये असा पहिला रुग्ण वाचल्याचे प्रसिद्ध झाले. आज जेथे मोठ्या मात्रेत स्थानिक भूल दिली जाते तेथे हे द्रावण हाताशी असायला हवे. ते आहे का, हे विचारायला संकोचू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही. सुई दिल्यावर तोंडात विचित्र चव आली तर ती शिष्टाचारापायी गिळून टाकू नका. लगेच सांगा.

कमरेतून देण्याच्या भुलीविषयी आपल्याकडे सर्वांत जास्त भीती आहे. १८९८ मध्ये जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी ती प्रथम वापरली. मग स्वतःवर आणि हिल्डेब्रांट या साहाय्यकावर तिचा प्रयोग केला. साहाय्यकाच्या नडगीवर हातोडी मारली तरी त्याला दुखले नाही! दुसऱ्या दिवसापासून दोघांची डोकी मात्र फार दुखली. तेव्हाच्या जाड सुयांनी पडलेल्या छिद्रातून पाठीतला द्रव झिरपत असे. आजच्या सुया केसासारख्या बारीक आणि पेन्सिलीसारख्या टोकाच्या असतात, म्हणून ती डोकेदुखी आता क्वचित दिसते. सुई मज्जारज्जूला लागेल ही भीतीही अनाठायी आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधून जाते. येथे औषध अवघे तीन मिलिलिटरच्या आसपास लागते. त्यात ते जड व्हावे म्हणून साखर घातलेली असते, म्हणजे रुग्णाला ज्या कुशीवर झोपवू त्या बाजूला औषध उतरते. मधुमेहींनी चिंता करू नये. ती साखर पाव ग्रॅमही नसते.

ज्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र हे आवर्जून सांगावे. अशा वेळी मणक्यात रक्त साठून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची हे हृदयतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. गोळी आपण होऊन बंद करणेही तितकेच घातक.

कमरेतून भूल दिली की पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. शरीरात पाणी कमी असेल तर तो जास्त उतरतो. चौविहार करणाऱ्या व्यक्तीने सूर्यास्तानंतर पाणी घेतलेले नसते. शस्त्रक्रिया सकाळी अकराला असली तर सोळा-सतरा तास निर्जळ होतात. शस्त्रक्रियेपूर्वी हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हा आज सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे नवकारशी झाल्यावर पाणी घेण्यास पुष्कळदा वाव असतो. तो आपल्या बाबतीत आहे का, हे भूलतज्ज्ञाला विचारा. नसेल तर पहिला क्रमांक मागा आणि सलाईन लवकर लावायला सांगा. अठ्ठाई किंवा वर्षीतप चालू असताना शस्त्रक्रिया ठरली तर तेही सांगा. तपश्चर्येचा बडेजाव नको म्हणून कित्येक जण हे लपवतात आणि टेबलावर रक्तदाब साठाला आला की आम्ही कारण शोधत बसतो.

नेत्रशिबिरातील भुलीचे दोन प्रकार आपण पाहता. एक, केवळ थेंब. दुसरा, डोळ्याच्या बाजूने इंजेक्शन. थेंबांनी पृष्ठभाग बधिर होतो, पण डोळा हलत राहतो; रुग्णाने प्रकाशाकडे स्थिर पाहायचे असते. ज्याला कमी ऐकू येते, ज्याची मान थरथरते, ज्याचा मोतीबिंदू फार पिकलेला आहे, त्याला बहुधा इंजेक्शन बरे. आजोबांना उताणे झोपले की खोकला किंवा दम लागतो, हे नातवाने आदल्या दिवशी सांगितले तर सारे बदलता येते. शेजारच्याला थेंब आणि आपल्याला सुई दिली, म्हणजे आपली उपेक्षा झाली असे समजू नये.

आता आपण पाठवलेल्या चिठ्ठ्या घेते. “आधी कातडीवर टेस्ट इंजेक्शन देतात, ते पुरेसे असते का?” त्याने खात्री मिळत नाही. आपला पूर्वीचा अनुभव नीट सांगणे अधिक उपयोगी.

“कमरेच्या इंजेक्शनने कायमची पाठदुखी लागते का?” सुईच्या जागी थोडे दिवस दुखते. बाळंतपणानंतरच्या पाठदुखीला गरोदरपणातला ताण, बाळाला वाकून पाजणे आणि व्यायामाचा अभाव ही कारणे आहेत. दोष मात्र सुईला मिळतो.

“या औषधांत काही प्राणिज असते का?” हा प्रश्न चार चिठ्ठ्यांत आहे, तेव्हा स्पष्ट उत्तर देते. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही कारखान्यात बनणारी रसायने आहेत. अॅड्रेनॅलिन पूर्वी प्राण्यांच्या ग्रंथींतून काढत, आता तेही कृत्रिमरीत्या बनते. डोळ्याच्या इंजेक्शनात औषध लवकर पसरावे म्हणून हायल्युरोनिडेज नावाचे द्रव्य मिसळतात; ते बहुधा गुरे किंवा मेंढ्या यांच्या अवयवांपासून काढलेले असते. ते नको असल्यास तसे आधी सांगता येते. भूल सावकाश आणि कधी कमी चांगली लागते, पण पुष्कळदा काम होते; थेंबांचा पर्यायही असू शकतो. मघाशी सांगितलेल्या स्निग्ध द्रावणात सोयाबीनचे तेल असते, पण ते पाण्यात मिसळून राहावे म्हणून अंड्याच्या बलकातला एक घटकही असतो. ते द्रावण लागते तेव्हा जीव धोक्यात असतो. त्या वेळी नातेवाइकांना बोलावून विचारण्याइतका अवधी आमच्याकडे नसतो. आपली जी काही भूमिका असेल ती संमतिपत्रावर सही करतानाच भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवा आणि लिहून ठेवा.

उरलेल्या तीन चिठ्ठ्या वैयक्तिक तपासणीच्या आहेत. त्या मंडळींना मी खाली भेटते.